दादाचा फोन वाजतोय

आमच्या ऑफिसात किस्से जुन्या फोनांसारखे साचतात. कोणी आणला, कधी आणला, कोणाला आठवत नाही. कपाट मात्र भरलेलं!

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस. वेबसाइट मोठ्या-लहान स्क्रीनवर नीट दिसते का, हे तपासायचं काम. माझा मोठा भाऊ प्रसाद तिथे टेस्टर होता. पावसाळ्यात गाडीवरून घरी येताना गेला. दादाबद्दल एवढंच लिहितो, पुढचं लिहवत नाही.

त्याचा फोन सापडला नाही. ना रस्त्यावर, ना हॉस्पिटलात, ना येरवड्यातल्या आमच्या घरी. आईला तो हवा होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती दादाला फोन करायचीच. तो गेल्यावरही करायची. आम्ही बोललो तर म्हणायची, "करू दे रे. वाजतोय ना!"

वाजत होता! रोज. म्हणजे कोणीतरी तो रोज चार्ज करत होतं.

कोण?

*

मी नववीत शाळा सोडलेली, गॅरेजात पाने फिरवणारा. सरळ ऑफिसात गेलो. मालकीणबाई देवधर मॅडम. मी म्हणालो, "दादाचा फोन द्या."

"आमच्याकडे नाही."

एवढंच! "बघते" नाही, "विचारते" नाही. माझा संशय तिथेच पक्का झाला. मी म्हणालो, "मग नोकरी द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इंग्रजी येतं?"

"नाही."

"बरं झालं. इथे इंग्रजी येणाऱ्यांना चुका दिसत नाहीत. उद्यापासून या."

इतक्या सहज नोकरी देतं का कोणी? मन खात असल्याशिवाय?

*

कपाटातल्या फोनांना नावं होती. मागे पांढरी पट्टी, त्यावर नाव. सगळ्यात मोठा टॅब 'रावसाहेब', सगळ्यात छोटा फोन 'चिंगी', आणि मध्येच झोपणारा 'बापू'. रावसाहेबांवर साइट ऐसपैस दिसायची, चिंगीवर तीच घुसमटायची.

फोन कपाटात आला की कव्हर काढायचं, लॉक काढायचं, वॉलपेपर पांढरा करायचा, आवाज आणि सूचना बंद करायच्या. स्क्रीनचा फोटो काढताना मध्ये काही यायला नको म्हणून. संध्याकाळी सगळे चार्जिंगला लावायचे. ते काम माझं.

एका काळ्या फोनाला पट्टीच नव्हती. कोणतीही साइट लावा, कधी बिघडायची नाही. मी त्याचं नाव ठेवलं 'शहाणा'.

*

माझा मुख्य संशय निखिलवर. दादाच्या शेजारची खुर्ची त्याची. मी आलो की तो गप्प व्हायचा. एकदा चहा घेऊन येतो तर तो फोनवर हळूच सांगत होता, "मोबाईलवाल्यांपासून लपवून टाक ना. कोणाला कळतंय!"

मी कॉलर धरली. "काय लपवतोस? बोल!"

"बॅनर! बॅनर रे! लहान स्क्रीनवर मावत नाही!"

मॅडम आतून म्हणाल्या, "सागर, त्यांचा शर्ट सोडा. तेही त्यात मावत नाहीत."

*

एकदा एका मंगल कार्यालयाची साइट आली. चिंगीवर 'हॉल बुक करा' हे बटण स्क्रीनच्या बाहेर पडलेलं. मालक म्हणाले, "आमच्याकडे लहान फोनवाले येत नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "हो का? मग पत्रिकेवर छापा ना, आहेर नको, फोन मोठा आणा!"

सगळे हसले. मीही हसलो. मग आठवलं, मी इथे हसायला आलेलो नाही.

*

शेवटी मी सापळा लावला. सगळे जेवायला बसले आणि मी बाहेर जाऊन दादाला फोन लावला. रिंग जातेय, रिंग जातेय! तसाच आत घुसलो. निखिलच्या बॅगेला कान लावला. मग मॅडमच्या पर्सला.

मॅडमनी पोळीचा घास खाली ठेवला. "काही ऐकू येतंय का?"

"नाही."

"मग आतला डबा बाहेर काढा. उसळ आहे. ती बोलत नाही, पण चांगली आहे."

मी नाही म्हणालो. त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा दादाही असाच हट्टी होता. खा."

मी खाल्लं. संशय होताच. उसळ चांगली होती.

*

साइट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आमच्याकडे परेड असते. कपाटातले सगळे फोन लहानापासून मोठ्यापर्यंत टेबलावर मांडायचे, सगळ्यांवर एकच पान उघडायचं. त्या दिवशी गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर होतं. त्यांना दुसरी वेळ नव्हती, म्हणून परेड जेवणाच्या सुट्टीत ठेवलेली. चिंगीपासून रावसाहेबांपर्यंत एकच निळं पान, अगदी रांगेत. मॅडम समजावून सांगत होत्या.

गिऱ्हाईक मध्येच म्हणालं, "तो मधला काळा फोन. त्यावर वेगळंच काहीतरी दिसतंय. चूक आहे का?"

सगळ्यांनी पाहिलं. 'शहाणा'वरचं निळं पान गेलं होतं. तिथे एका बाईचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'आई'.

आवाज नव्हता. फोन टेबलावर नुसता उजळत होता.

निखिल पुटपुटला, "आपल्या फोनांत सिमच नसतात..." आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. "मॅडम, ही साइज आपल्याकडे नव्हती. प्रसाद म्हणाला होता, माझाच ठेवतो. पण मला वाटलं, उद्या ठेवेल. तो ठेवूनच गेला?"

मॅडमनी चष्मा काढला. गिऱ्हाईक विचारत होतं, "हॅलो? चूक आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. आपण थोडं थांबा."

रोज संध्याकाळी ज्या हाताने मी तो चार्जिंगला लावायचो, त्याच हाताने उचलला.

इतक्या दिवसांत कोणी उचलला नव्हता. पलीकडून आईचा श्वास ऐकू आला. आणि मग, रोजच्यासारखंच, "जेवलास का रे?"

मी म्हणालो, "हो. उसळ होती."