मामाजींच्या मागे गेलेलं बटण

सकाळपासून सगळे विचारताहेत की मी हाताने कोड लिहिणं सोडलं का, म्हणून एकदाच लिहिते: सोडलं. उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि बाळापूरच्या वैशालीच्या मसाल्याच्या ऑर्डरी माझी पट्टी सुटेपर्यंत थांबणार नाहीत.

तिच्या दुकानाची वेबसाइट मी ड्रॅग-अँड-ड्रॉपवर, म्हणजे कोड न लिहिता माऊसने ओढून रचता येईल अशी, नव्याने मांडली आणि आज तिला अकोल्याला बोलावून माऊस तिच्या हातात दिला. तिने आधी काय केलं, तर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो ओढून सगळ्यात वर नेला. दुकानात गल्ल्याच्या वर असतो, तसा.

“काकू, ऑर्डरचं बटनच गेलं न.”

“तुझ्या सासऱ्यांच्या मागे आहे. सरकव त्यांना.”

“मामाजीले कसं सरकवू?”

“तूच बसवलं न त्यायले? तूच उठव.”

मी हाताची घडी घालून बसून राहिले. तिने फोटो लहान केला, बाजूला ओढला आणि बटण दिसलं. कोडमध्ये असं झालं असतं तर मला दवाखान्यात फोन आला असता. आता येणार नाही, आणि मी निवांत झोपणार आहे.

आज वैशालीच्या ताब्यात दिलं ते असं: लॉगिन, पासवर्ड, पूर्ण थीम आणि डाव्या कोपऱ्यात मामाजी, हारासकट.