झोक्यापाशी थांबलेला नायक आणि आमचे नाना

यशवंतनानांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबाला दोर बांधत होते. पारोळ्याजवळच्या खेड्यातून मी जळगावला बी.ए. करायला आले होते. बाह्या सारून गाठ ओढून पाहणाऱ्या त्या गृहस्थांना मी माळीकाका समजले आणि मराठीचा वर्ग कुठे भरतो असे विचारले. "इथेच," ते म्हणाले, "बसा आधी." बसायला समोर होता तो फक्त झोका.

अभ्यासक्रमात एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. तिची नायिका एका शब्दावरून रुसून मामाच्या गावी निघून जाते. नायक दर उन्हाळ्यात अंगणात तिच्यासाठी झोका बांधतो, वाट पाहतो आणि वाट पाहतापाहताच एक दिवस संपतो. नानांचे म्हणणे असे की, झोक्यावर न बसता झोक्याचे प्रतीक शोधणे म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणे. म्हणून आम्ही सगळे आळीपाळीने झोके घेतले. चौकशीला आलेले प्राचार्यसुद्धा शेवटी बसले आणि उतरायला तयार होईनात. त्या दिवसापासून मराठीच्या तासाला इतर विषयांची मुलेही येऊ लागली.

नानांचे शिकवणे ऐकणे हा सोहळा असे. त्या नायकावर त्यांचे भारी प्रेम. दर वर्षी दोर नवा, पण पाट तोच, याचा अर्थ ते असा उलगडत की काळ झिजतो, बदलतो आणि मन मात्र आहे तिथेच राहते. पाटावर नायकाने स्वतः कोरलेले कमळ, त्यात साचलेली धूळ, वाऱ्याने आपोआप हलणारा रिकामा झोका... नाना बोलू लागले की मागच्या बाकावरची टवाळ मंडळीही खाली मान घालत. या नायकावर त्यांनी एक पुस्तक लिहिले होते. त्याची निष्ठा हीच त्याची शोकांतिका, असा त्याचा सारांश. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी तेच लिहायचे, हे ठरलेलेच होते.

परीक्षेआधीच्या जादा तासाला मी तोंड उघडले. आखाजी जवळ आली होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, दारच्या निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मात्र लेक आपल्या पायाने येत नाही. माहेरचे कोणीतरी, बहुधा भाऊ, तिला न्यायला जातो. तो मुराळी. माझ्या डोक्यात तेच चालले होते, म्हणून घरच्या बोलीतच बोलून गेले, "सर, बठ्ठं खरं शे. पन त्यानी मुराळी काबर नही धाडा?"

सगळे खरे, पण तिला आणायला त्याने कोणाला का धाडले नाही, एवढेच मला विचारायचे होते. वर्ग हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले, "उत्तर मला माहीत नाही." आणि तास अर्धा टाकून निघून गेले. असे आधी कधी झाले नव्हते. आगाऊपणा भोवला, आता पास होण्याची आशा नको, असे मी मैत्रिणींना सांगून टाकले.

त्या दिवशी काय घडले होते, ते मला पुष्कळ नंतर कळले. ही घरातली गोष्ट लिहू की नको, असे मी नानांना विचारले. ते म्हणाले, "नायकाची शोकांतिका जन्मभर चवीने सांगितली, मग माझीच चूक का झाकतेस?" म्हणून लिहिते.

नानांना एकच लेक, शैलाताई. ताईंनी धुळ्यात नोकरी करताना आपल्या पसंतीने लग्न केले. नानांनी मोडता घातला नाही, लग्नालाही गेले. पण लेकीने आधी ठरवले आणि मग सांगितले, एवढे त्यांना लागले होते. निरोप देताना ते म्हणाले, "घर तुझंच आहे, वाटेल तेव्हा ये." आपण फार मोठ्या मनाने बोललो, असे त्यांना वाटले. त्यानंतर दर आखाजीला नाना अंगणातल्या निंबाला झोका बांधत, त्यांच्या पत्नी मालतीकाकू खापरावरच्या पुरणपोळ्या करत, आमरस काढत आणि दोघे फाटकाकडे पाहत बसत. तिकडे धुळ्यात ताईही वाट पाहत. भाऊ नाही, वडील येत नाहीत. न बोलावता माहेरी जायचे कसे? ज्यांना दुसऱ्याच्या कादंबरीतला दोरा न् दोरा दिसत होता, त्यांना आपल्या अंगणातला झोका दिसला नव्हता.

त्या आखाजीला नानांनी झोका बांधला आणि तिथे बसण्याऐवजी धुळ्याची एस.टी. धरली. दारात लेकीला म्हणाले, "मुराळी बनीसन उनू. पिशवी भर, चाल."

"मी ते कव्हयनी भरी ठेयेल शे, नाना," ताई म्हणाल्या.

पिशवी खरोखरच खाटेवर भरलेली होती. ताई दर वर्षी ती भरत आणि आखाजी उलटली की रिकामी करत.  त्या संध्याकाळी ताईंचा झोका थांबलाच नाही. काकू आमरसाची वाटी घेऊन त्याच्या मागेपुढे करत राहिल्या.

मी पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. नानांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा झोक्याचे प्रकरण मुळातून पुन्हा लिहिले. आपले छापलेले मत चारचौघांत मोडायला छाती लागते. आता त्यात असे आहे की, दोर पक्का होता, पाट देखणा होता, प्रेमही खरे होते. फक्त नायक अंगणाबाहेर पडला नाही. झोका हे त्याच्या निष्ठेचे प्रतीक आहे, तसेच त्याच्या मानाचेही. प्रस्तावनेत "पारोळ्याकडच्या एका विद्यार्थिनीचे" आभार आहेत. तेवढे पान मी सासरी सगळ्यांना दाखवून झाले आहे, काहींना दोनदा.

माझे सासर धुळ्याचे, नोकरीही तिथल्याच कॉलेजात. मला भाऊ नाही. वडील गेले, त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी सकाळपासून उगाच कपाट आवरत बसले होते. बेल वाजली. दारात नाना आणि त्यांच्यामागे पिशवी घेतलेल्या शैलाताई. "चाल वं माय," नाना म्हणाले, "दोन्ही लेकी एकाच गाडीनं लई जाऊ." मी दारातच रडले आणि ते मुळीच लपवले नाही. तेव्हापासून आजवर एकही आखाजी माझी माहेरावाचून गेलेली नाही. बाप गेल्यावर माहेर सरते म्हणतात. माझे सरले नाही, ते नानांमुळे.

यंदा नाना पंच्याहत्तरीत आले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, काठी आली आहे, आणि सत्काराचे नाव काढले की ती काठी उगारली जाते. धुळ्यात सोहळा ठरवला, तर म्हणाले, "मला काय करायचाय सत्कार? तुमचा हॉल आहे, दारं उघडी ठेवा, जमलं तर येईन." समितीची मंडळी हिरमुसली. मी आणि शैलाताई मात्र एकमेकींकडे पाहून हसलो, कारण त्या जुन्या "वाटेल तेव्हा ये"चेच हे भावंड होते.

नाना, आपल्याला उदंड आणि निरामय आयुष्य लाभो. गुडघे लवकर बरे होवोत, आणि अजून कितीतरी आखाज्यांना निंबाखाली आपलाच दरारा चालो. सोहळ्याला याल की नाही, हे आम्ही विचारतच नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने तुमच्या दोन्ही लेकी मुराळी होऊन जळगावला येत आहेत. तेवढी पिशवी भरून ठेवा.