वरच्या दर्जाची कॅप्रिस

सुलैबियाच्या शेडमध्ये एकोणीस जुन्या अमेरिकन गाड्या होत्या, त्यांतल्या सात कॅप्रिस. माझ्या वहीत प्रत्येकीला स्वतंत्र पान होतं. मी मूळचा कुडाळकडचा कुशन मेकर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सीटा शिवायला म्हणून कुवेतला आलो आणि याद्या करणारा होऊन बसलो.

गाड्या आमच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा होते त्या मालकाच्या. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. नव्वद सालच्या लढाईत त्याच्या जुन्या गाड्या गेल्या होत्या, त्या तो पुन्हा जमवत होता. विकणारे हुशार. कॅप्रिस एकच, पण तिचे दर्जे तीन: साधी, मधली क्लासिक आणि सगळ्यांत वरची ब्रॉम. साध्या गाडीला उशांसारख्या गुबगुबीत सीटा, अर्धं व्हिनाइलचं छप्पर आणि नावाची पट्टी चढवली की लांबून ती ब्रॉमच दिसते. अरबाबला फक्त ब्रॉम हव्या असत. फसला की तो आठवडाभर कोणाशी बोलत नसे.

मी सहसा फसायचो नाही, कारण मी पत्र्याकडे बघतच नसे. आधी मागची सीट उचलायची. स्प्रिंगांमध्ये कधीकधी कारखान्याचा कागद अडकलेला मिळतो, गाडीत काय काय बसवलं ते त्यावर छापलेलं असतं. कागद नसेल तर दाराच्या आतल्या कापडावरून बोट फिरवायचं. काच हाताने खालीवर करायच्या गाडीला हँडलचं भोक असतं. ते बुजवून वर मखमल ताणली, तरी बोटाला गोल खळगा लागतो.

हे सगळं मी वहीत मराठीत लिहायचो, तेही मुद्दाम. आधी एकदा स्टोअरची यादी इंग्रजीत केली होती. फोरमनने ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि मला उन्हात डेंटिंगला लावलं. तेव्हाच ठरवलं, ही वही शेडमध्ये माझ्याशिवाय कोणाला वाचता येता कामा नये.

पाचव्या वर्षी मामांचा निरोप आला. कुडाळला त्यांचं सीट कव्हरचं दुकान. वयामुळे आता त्यांना शिवणं जमत नव्हतं. गाळा दसऱ्यापर्यंत माझ्यासाठी धरून ठेवतो, नंतर शेजारच्या टायरवाल्याला देतो, असं त्यांनी कळवलं. मला परत जाऊन करण्यासारखं तेवढं एकच काम होतं. दसऱ्याला चार महिने होते. मी कागदावर लिहिलं: अरबाबला सांगणे, पासपोर्ट, तिकीट. दुसऱ्या ओळीवरच अडलो. सगळ्यांचे पासपोर्ट अरबाबच्या कपाटात असत. तो म्हणाला, तुझ्यासारखा गाड्या ओळखणारा माणूस तयार कर आणि खुशाल जा. रागावला नव्हता. चहाही पाजला.

आमच्यातला एक केरळचा कुशन मेकर मी निवडला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शांत. त्याला वही दिली. त्याने चार पानं उलटली आणि मराठी वाचता येत नाही म्हणून परत केली.

मग रोज संध्याकाळी फरवानियाच्या खोलीवर मी ती वही इंग्रजीत उतरवायला बसलो. खळगा, ताण, दुमड यांना शब्द सापडेनात. तिथे चित्रं काढली. खोलीतला वेंगुर्ल्याचा प्लंबर भाजी चिरता चिरता बघत होता.

"मास्तरांनू," तो म्हणाला, "तुमका आता ही वहीच सोडूची नाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण महिना गेला आणि सहाच पानं झाली होती. शेवटी कागद बाजूला ठेवले आणि त्या माणसाचा हात धरूनच शिकवलं. डोळे मिटून दारावरून बोट फिरवायला लावायचो. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला.

दसऱ्याला तीन आठवडे असताना, एका शुक्रवारी, अरबाब मित्रांना घेऊन आला. दोन पांढऱ्या कॅप्रिस शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्हींवर ब्रॉमची पट्टी. मला बाहेर थांबायला सांगितलं. पत्र्याच्या वीतभर सावलीत मी उभा राहिलो. दहा मिनिटांनी केरळवाला बाहेर आला आणि म्हणाला, डावी खरी, उजवी साधी, नटवलेली. अरबाबकडे दोन्ही गाड्यांचे कारखान्याचे कागद होते. उत्तर बरोबर होतं. मित्रांनी त्याची पाठ थोपटली, माझीही थोपटली.

मी पुढे झालो आणि पासपोर्ट मागितला.

"एक आदमी बीमार, फिर कौन देखेगा?" अरबाब म्हणाला. "अभी मेरे पास दो आदमी. बहुत अच्छा. तू किधर जाता?"

"अरबाब, तुमने बोला था."

"बोला," त्याने मान्य केलं. "लेकिन अभी गाडी जास्ती आएगा." मित्रांच्या गाड्याही तपासून द्यायचं त्याने तिथल्या तिथे कबूल करून टाकलं होतं.

नंतर केरळवाला मला म्हणाला, ठाऊक असतं तर मी चुकीची गाडी दाखवली असती, म्हणजे मित्रांच्या गाड्या तरी आल्या नसत्या. मला त्याचा राग आला नाही. त्याने चुकीची दाखवली असती, तर मीच सगळ्यांसमोर त्याला दुरुस्त केलं असतं.

पुढच्या शुक्रवारी टेलिफोनच्या दुकानातून मामांना फोन लावला.

"दसऱ्याक येतंस मां रे?"

"नाय, मामा. गाळो टायरवाल्याक देवन टाका."

मग त्यांनी विचारलं, मालक मारतो, उपाशी ठेवतो, असं काही आहे का? मी म्हणालो, नाही. ते खरंच होतं.

शनिवारी मित्रांच्या गाड्या आल्या. चार होत्या. आम्ही दोघांनी दोन दोन वाटून घेतल्या.