हौदावरचा फेस

गेल्या पावसाळ्यात यांना डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात काढून हे घरी आले ते अर्धे होऊन. तेव्हापासून मी साठलेल्या पाण्याची वैरीण झाले आहे. कुंडीखालची बशीसुद्धा दिवसातून दोनदा उलटी करते.

यंदा मावला गावातल्या आमच्या घरामागे, हौदाच्या वरच्या भिंतीवर, मुठीएवढा पांढरा फेस दिसला. मी खराटा आणायला वळले तर यांनी हात धरला. झाडावरच्या बेडकीची अंडी होती ती. न्हाणीच्या भिंतीला कधीमधी चिकटून बसते ना, तीच बेडकी. चार-पाच दिवसांनी पिल्लं खाली पाण्यात पडतील, तोवर हौद भरलेला राहू दे, म्हणाले. आजारपणानंतर या माणसानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मागच्या दारात खुर्ची टाकून ते तासन्‌तास फेसाकडे बघत बसत. मला मात्र प्रत्येक डास त्यांच्याच दंडावर बसताना दिसे.

शुक्रवार आला. आमच्या गल्लीत शुक्रवारी सगळे हौद कोरडे करतात. मी तोड काढली. पाणी उपसायचं, हौद घासायचा आणि लगेच ताजं पाणी भरायचं. डासांच्या अळ्या जातील, बेडकांचीही सोय राहील. यांना पटलं. माझ्या हुशारीवर मीच खूश होते.

घासताना नेहमीसारखी ब्लीचिंग पावडर टाकली, भीतीपोटी मूठभर जास्तच. पण नळ जायची वेळ झाली होती. हौद रिकामा राहिला तर पिल्लं कोरड्यात पडतील, या धास्तीनं मी न विसळताच पाणी सोडलं.

रविवारी सकाळी फेस ओघळलेला होता. पिल्लं हौदाच्या तळाशी होती, एकही हलत नव्हतं. हे काठाला धरून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"पावडर धुतली होती ना तुनं?"

"हो," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"मंग रडून काऊन राह्यली? नळाच्या पाण्यातच काई असंन. तुनं तं लय केलं त्याईच्यासाठी."

खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी हौद घासून उठले, तसे हे खुर्चीवरून उठले. बादली घेऊन त्यांनी स्वतः तीनदा हौद विसळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.