बिनचमकीचा डॅशबोर्ड

टेलरबाई एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. बाही अर्धं बोट आखूड करून मागणाऱ्या बायका त्यांच्या दुकानातून टेलरबाईंनी ठरवलेलीच बाही घेऊन परत जायच्या, आणि वर त्यांचे आभारही मानायच्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, आणि खिडकीबाहेर उन्हात उभी असलेली त्यांच्या यजमानांची गाडी. ती गाडी वर्षभर जागची हलली नव्हती. यजमानही हलले नव्हते.

यजमानांनी उभा जन्म ती गाडी भाड्याने चालवली. ओळखीचे लोक त्यांना 'आरसेवाले' म्हणायचे, कारण त्यांचा डॅशबोर्ड. रोज सकाळी चहा व्हायच्या आधी ते बाटलीतलं तेलकट पॉलिश फडक्यावर ओतून डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या पट्ट्या, गिअरच्या भोवतीचं प्लास्टिक असं सगळं घासत बसायचे. पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला त्यात आपला भांग नीट करता यायचा. एवढी निगा बायकोची ठेवली असती तर, असं टेलरबाई कितीदा तरी म्हणाल्या होत्या. आरसेवाले हसायचे आणि पुन्हा एक हात मारायचे.

मग पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परतलं, पण एक विचित्र खोड मागे राहिली. वास सहन होईना. अत्तर, फिनेल, गाडीत टांगतात ती सुगंधी वडी, कशाचाही वास आला की पोटात ढवळायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की व्यायाम केंद्रात नियमाने आणा, हात अजून परत येऊ शकतो, पण घरात बसवून ठेवलात तर येणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात भाड्याची गाडी बोलावली. गाडी लिंबाच्या वासाने नुसती घमघमत होती. अर्ध्या रस्त्यात आरसेवाल्यांना उलटी झाली. त्या गाडीवाल्याने तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त फडकं काढून सीट पुसू लागला. पण जन्मभर दुसऱ्यांच्या उलट्या आपल्या गाडीतून पुसलेल्या माणसाला ते पुरेसं होतं. घरी आल्यावर ते म्हणाले, "मी आता कुठे जाणार नाही." आणि खरंच गेले नाहीत.

धाकटे दीर आले आणि म्हणाले, वहिनी, ती गाडी विकून टाका, उन्हात सडतेय. नणंदेने फोनवर तेच सांगितलं. टेलरबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून आपलं लायसन्स काढलं. तरुणपणी हौसेने काढलेलं, नेमाने नूतनीकरण केलेलं आणि कधीच न वापरलेलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन त्या पुन्हा गिअर टाकायला शिकल्या. इंजिन मेकॅनिकने सुरू करून दिलं. राहिली होती ती गाडीची आतली बाजू.

दार उघडल्यावर त्यांना पहिल्यांदा हसू आलं आणि मग रडू. वर्षानुवर्षांच्या पॉलिशचा थर उन्हाने वितळून चिकट झाला होता, त्यावर धूळ बसून त्याची काळी साय झाली होती. बोट टेकवलं तर बोट सोडवून घ्यावं लागत होतं. एसीच्या जाळ्यांमध्ये किटण. बाहेरच्या दारांवरच्या काळ्या पट्ट्या राखेसारख्या पांढुरक्या. आणि या सगळ्यावर जुन्या पॉलिशचा, उन्हात उकळलेल्या मेणबत्तीसारखा वास. या गाडीत यजमानांना बसवणं म्हणजे केंद्राऐवजी मोरीकडे नेणं होतं.

"वास नसलेली गाडी," टेलरबाईंनी ठरवलं. तेवढी झाली की यजमान बसतील, आणि बसले की हात परत येईल. एवढं साधं गणित.

शेजारीण म्हणाली, बाहेरच्या पट्ट्यांना केसांचं तेल लावा, काळ्याभोर होतात. टेलरबाईंनी नवं कापड कधी आतल्या शिवणीवर तपासल्याशिवाय इस्त्रीखाली घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी घाई झाली होती. चारही दारांना तेल चोपडलं. पट्ट्या दोन दिवस खरोखर काळ्याभोर दिसल्या. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि रस्त्यावरची सगळी माती येऊन पट्ट्यांना बिलगली. गाडीला चार मिशा फुटल्या. शेजारीण तोंडावर पदर धरून आत गेली, आणि टेलरबाई साबणाचं पाणी घेऊन खाली बसल्या. यापुढे आधी आतली शिवण, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं.

गाडीची आतली शिवण म्हणजे समोरच्या कप्प्याच्या झाकणाची मागची बाजू. तिथे काही बिघडलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पहिलं काम जुना थर काढण्याचं. त्यासाठी त्यांनी कुठलंही जहाल औषध आणलं नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, यजमानांचा दाढीचा जुना ब्रश, आणि पिळून घेतलेलं मऊ फडकं. पाणी थेट बटणांवर उडवायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. पहिल्या हाताला फडकं काळं, दुसऱ्याला काळं, पुढे कितीदा ते मोजणं त्यांनी सोडून दिलं. दुकानातलं काम उरकलं की त्या बाहेर जाऊन बसायच्या. आरसेवाले खिडकीतून बघत बसायचे. आपण यांची सगळी चमक धुऊन काढतोय, हे टेलरबाईंना कळत होतं आणि टोचतही होतं. पण हात थांबला नाही.

थर निघाल्यावर खालचं प्लास्टिक कोरडं आणि केविलवाणं दिसू लागलं. असंच उन्हात ठेवलं तर तडे जातील, मेकॅनिकने सांगितलं. म्हणून त्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने फळीवरून भराभर बाटल्या उतरवल्या. लिंबू, चामडं, समुद्र, गुलाब. वास नको, असं म्हटल्यावर तो गोंधळला. बाई, वासासाठीच तर लोक घेतात, म्हणाला. टेलरबाईंनी प्रत्येक बाटलीची मागची बारीक अक्षरं चष्मा वर-खाली करत वाचली. दुकानदार मोठा धीराचा माणूस. शेवटी त्यानेच मागच्या फळीवरून दोन लहान बाटल्या शोधून दिल्या, त्यांवर सुगंध नाही असं लिहिलेलं होतं.

लिहिलेल्यावर विश्वास ठेवतील तर त्या टेलरबाई कसल्या. झाकणाच्या मागे दोन पट्टे ओढले, काचा बंद केल्या, गाडी दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळी दार उघडून आत डोकं घातलं. एका पट्ट्याला रबरासारखा वास सुटला होता. तो बाद. दुसऱ्याला नाक टेकवलं तरी काही नाही. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा डॅशबोर्ड त्या बाटलीने पुसून घेतला, आणि तो चमकला. पूर्वीसारखाच. खिडकीतून आरसेवाल्यांनी मान हलवली. किती दिवसांनी ते कशावर तरी खूश झाले होते.

मग दुपारी सराव म्हणून त्या एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. वळणावर ऊन समोर आलं आणि पुढच्या काचेत अख्खा डॅशबोर्ड उमटला. जाळ्या, बटणं, कडा, सगळं रस्त्यावर पसरलं. त्या पसाऱ्याच्या पलीकडे एक सायकलवाली रस्ता ओलांडत होती. ती दिसली तेव्हा टेलरबाईंनी ब्रेकवर जवळजवळ उभंच राहून गाडी थांबवली. सायकलवाली पुढे गेली. तिला कळलंही नाही. टेलरबाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

घरी येऊन त्या पाणी प्यायल्या, मग त्यांनी बादली भरली आणि सगळी चमक पुन्हा धुऊन टाकली. खिडकीतल्या माणसाचा चेहरा पडलेला त्यांनी बघितला. बघून न बघितल्यासारखं केलं. जीव तुटत होता, पण या गाडीत आता तेच शेजारी बसणार होते आणि गाडी त्या चालवणार होत्या.

दुकानदार त्यांना पाहून स्टुलावरून उठलाच. आता दोन अटी होत्या, वास नको आणि चमकही नको. चमक नको असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला फारसं भेटलेलं नसावं, कारण त्याने दोनदा विचारून घेतलं. मग पाण्यावर बनवलेली, उन्हापासून जपणारी आणि मॅट अशी एक बाटली निघाली. बाहेरच्या पट्ट्यांसाठी वेगळी घ्या, हिच्यावर भागवू नका, असं त्याने आपणहून सांगितलं, आणि टेलरबाईंनी ते ऐकलं. झाकणाची मागची बाजू, दिवसभर ऊन, संध्याकाळी नाक. काही नाही. मग फडक्यावर घेऊन पातळ हात. स्टिअरिंगला नाही, पेडलला नाही, हात-पाय घसरायला नकोत. डॅशबोर्ड काळा, शांत आणि कोरडा दिसू लागला, शाळेच्या फळ्यासारखा.

"चला," त्या सकाळी म्हणाल्या. "केंद्रात जायचंय."

"मला होईल परत गाडीत," आरसेवाले म्हणाले. म्हणजे उलटी.

"झाली तर आपल्या गाडीत होईल. मी पुसेन."

त्यांनी एकदा खिडकीबाहेर गाडीकडे बघितलं. मग त्यांनी काठी मागितली. दीर मदतीला आले होते, दोघांनी मिळून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. बसल्याबसल्या त्यांनी उजव्या हाताचं बोट डॅशबोर्डवरून फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. टेलरबाईंनी गाडी सुरू केली. ते काय म्हणतील याची त्यांना इतकी धास्ती वाटत होती की पहिला गिअर दोनदा टाकावा लागला.

वळण आलं, ऊन समोर आलं. काच स्वच्छ होती. आरसेवाले पुढे वाकून काचेकडे बघत राहिले.

"काही उमटत नाही," ते सावकाश म्हणाले. "मला रोज उमटायचं."

"काय उमटायचं?"

"सगळा डॅशबोर्ड. उन्हात तर काहीच दिसायचं नाही. डोळे बारीक करून अंदाजाने चालवायचो." जरा थांबून ते म्हणाले, "गिऱ्हाइकांना चमक आवडायची."

टेलरबाईंच्या डोळ्यांसमोरून सगळा संसार सरकला. याच गाडीतून लग्नांना गेलो, लेकीला दवाखान्यात नेलं, रात्रंदिवस फिरलो. आणि हे गृहस्थ अंदाजाने चालवत होते. झटका आल्यापासून त्या यजमानांशी अगदी जपून, कानाशी हळू बोलावं तशा बोलत आल्या होत्या. आज ते जपणं पार सुटलं.

"अंदाजाने? लेकरं मागे बसवून? आणि मला म्हणायचात, तुला रस्त्यातलं काय कळतं?"

"अगं, पण कधी ठोकली का?"

"ठोकली नाही हे नशीब. त्यात तुमचा काय पराक्रम?"

आरसेवाल्यांनीही माघार घेतली नाही. अडखळत, शब्द शोधत, अर्ध्या ओठाने त्यांनी आपल्या ड्रायव्हिंगची बाजू लढवली, आणि बायको तिसऱ्या गिअरवर गाडी रखडवतेय हेही सुनावलं. टेलरबाईंनी चौथा टाकला आणि पुढचा मुद्दा काढला. सिग्नलवर शेजारच्या गाडीतल्या लोकांनी वळून बघितलं. भांडत भांडत गाडी केंद्राच्या दाराशी येऊन थांबली, मदतनीस खुर्ची घेऊन धावला, तरी दोघांचं चालूच होतं. खुर्चीत बसून आत जाताना आरसेवाल्यांनी मान वळवून, गाडी उभी करताना हँडब्रेक नीट ओढत जा, असं सांगितलं.

टेलरबाईंनी हँडब्रेक ओढला आणि तशाच बसून राहिल्या. भांडणाच्या नादात यजमानांचं मळमळायचं राहूनच गेलं होतं.