पाटावरची मोकळी जागा

वडील नवी पेठेत एका सराफाच्या दारात राखणीला होते. बारा बोअरची बंदूक त्यांची स्वतःची, परवानाही त्यांच्याच नावावर. आयुष्यात एकदाही ती झाडावी लागली नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, आणि खंडेनवमीला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं. शेजारी माझं शिलाई मशीन, कात्री. त्या दिवशी कात्रीला हात लावायचा नाही, मग दारात गिऱ्हाईक का खोळंबेना.

वडील गेले तेव्हा परवाना माझ्या नावावर करून घ्यायचं मी ठरवलं. एकटी राहते, घरात असली की जरा धीर वाटतो, असं अमेरिकेतल्या धाकट्या भावाला सांगितलं. तो उसळलाच. महिनाभर रोज फोन. तिथं लोक दुकानातून पिस्तूल विकत आणतात, आणि त्याच्या पहिलीतल्या मुलीला शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून टेबलाखाली आवाज न करता बसायचा सराव करावा लागतो, हे सांगताना तो रडला.

"भ्या वाटतंय म्हणूनच सगळी घेत्यात, अक्का," तो म्हणाला. "कुणीतरी आधी खाली ठेवायला पाहिजे की."

मी ठेवली, ठाण्यात कायमची जमा केली. ठाण्यातल्या हवालदाराने दोनदा विचारलं, बाई, नक्की ना? वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेला दस्ता सोडवेना मला.

त्याच वर्षी भावाने फोटो पाठवला. बंदुकांविरुद्धच्या मोर्चात तो, हातात फलक, खांद्यावर लेक. मी तो मोठा करून मशीनच्या वर लावला आणि ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवला. बाया कंटाळल्या, मी नाही. तेव्हापासून पाटावर बंदुकीची जागा मी मोकळी सोडते, तिथं नुसतं झेंडूचं फूल ठेवते.

यंदा खंडेनवमीला सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिथं आदली संध्याकाळ. भाऊ भांडी घासत होता, फोन भाचीच्या हातात. ती आता नऊ वर्षांची आहे. मी तिला म्हटलं, घरातली हत्यारं, अवजारं सगळी आण, आज त्यांची पूजा. मीच म्हटलं, हे कबूल करायला हवं. तिने वही-पेन आणलं, आईचा लॅपटॉप आणला, हातोडी आणली. मी कौतुक करत होते. मग ती बाबाच्या कपाटातून एक काळी पेटी घेऊन आली. चार आकडे दाबले, झाकण उघडलं.

आत पिस्तूल होतं.

"आत्या, ह्याला कुंकू कुठं लावू?" तिने विचारलं.

मी आवाज चढू दिला नाही. "बाळा, हात मागं घे. शिवू नको त्याला. बाबाला हाक मार."

तो ओल्या हातांनी धावत आला, पेटी बंद केली आणि आधी पोरीवरच रागावला. मग मला समजावू लागला. दोन वर्षांपूर्वी शेजारी चोर शिरले होते. मोर्चाला तो अजूनही जातो, कायदा झाला तर सगळ्यांच्या आधी नेऊन देईल. "पण तवर काय करायचं, अक्का? हितं सगळ्यांकडं हाय. घरात असली की जरा धीर वाटतोय."

माझंच वाक्य मला ऐकवत होता. गेल्या खंडेनवमीला माझा पाट बघून "लई बरं केलंस, अक्का" म्हणाला होता, तेव्हाही ती पेटी कपाटातच होती. माझ्या पाठच्या भावाने मला फसवलं. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शोधायचाही नाही.

पेटीचे आकडे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, असं तो शपथेवर सांगत होता. त्याच्या मागून भाची म्हणाली, "माझा वाढदिवस आहे तो, आत्या."

मी म्हटलं, "तू म्हणालास म्हणून मी खाली ठेवली रे," आणि फोन बंद केला.

मशीनवरचा फोटो उतरवला. फाडणारच होते, पण त्याच्या खांद्यावर ती होती, पुढचे दोन दात पडलेली, हसणारी. मी पाटावरची कात्री उचलली, कुंकवासकट. फोटोतून तिला तेवढी कापून घेतली आणि पुन्हा मशीनच्या वर लावली.