सीताराम घाडीची हरळी

सीताराम घाडीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा परळपासून शिवडीपर्यंतच्या सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकदम वाजले असं मला वाटलं. प्रत्यक्षात ती एकट्या सीतारामची आरोळी होती. पंचावन्न सालच्या श्रावणात मी एक पत्र पोचवायला एका टेनिस क्लबात गेलो होतो आणि वाट वाचवावी म्हणून हिरवळीवर डावा पाय ठेवला होता. नुसता ठेवला होता, अजून त्यावर भारही दिला नव्हता.

"उचल! आधी पाय उचल, मेल्या!"

मी पाय उचलला. एक सडपातळ, काळा, खाकी चड्डीतला माणूस धावत आला आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. माझा पाय हवेत, त्याचं नाक जमिनीला. आजूबाजूला दोन साहेब टेनिस थांबवून बघत होते. माझ्या हिशेबाने मी तसा एका पायावर पाऊण तास उभा होतो, त्या काळात माझ्यावर दोन कावळे बसून गेले. शेवटी त्याने दबलेलं एक पातं बोटाने उभं केलं, त्याची समजूत काढली आणि उठून चालू लागला. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंही नाही.

हा माणूस लालबागला माझ्याच चाळीत, माझ्याच जिन्याखालच्या गाळ्यात अकरा जणांबरोबर राहतो, हे मला आठवड्याने कळलं. त्यालाही कळलं नव्हतं. मी जिना चढत होतो, तो खाली बसून विडी ओढत होता. माझी टाच त्याच्या डोळ्यांसमोरून गेली तसा तो ओरडला, "अरे, तू तो! उजवी टाच भायेरसून झिजलेली!" सीताराम माणसं तळव्यांवरून ओळखायचा. चेहऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. चेहरा काहीही सांगतो, म्हणे, पण गवत कोण तुडवणार ते चप्पल सांगते.

त्याचं सगळं आयुष्य एका गवतावर होतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजेच हरळी, आणि तिच्यातलीच एक बारीक पानाची जात, केसासारखी, त्याने क्लबात जोपासली होती. तिच्याबद्दल तो असा बोले की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणा उपवर मुलीचं स्थळ सांगतोय. बावीस वर्षं तो त्या क्लबात दुय्यम माळी होता. हेडमाळी येत, म्हातारे होत, जात. सीताराम दुय्यम.

डिसेंबरात हेडमाळ्याची जागा पुन्हा रिकामी झाली. क्लबच्या सेक्रेटरीने दोन दुय्यम माळ्यांना समोर उभं केलं, सीतारामला आणि रघुवीरला, आणि सांगितलं, "कुठेही करा, पण क्लबची जमीन खोदायची नाही. बारीक हरळीचा एक तुकडा शून्यापासून उगवून दाखवा. फेब्रुवारी संपताना मी बघायला येईन. ज्याचा चांगला, तो हेडमाळी."

हेडमाळ्याला क्लबच्या आवारात एक खोली मिळत असे. स्वतःचा नळ असलेली.

"सुंदराक मुंबयक हाडूची हा," सीताराम मला म्हणाला. सुंदराबाई ही त्याची बायको. ती कणकवलीजवळ त्याच्या गावी, तो लालबागला बारा पुरुषांच्या गाळ्यात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. दर शिमग्याला महिनाभर रजा, म्हणजे संसार एकोणीस महिन्यांचा. तो सांगताना हसला, आणि मग बराच वेळ विडी पेटवत बसला. ती आधीच पेटलेली होती.

चाळीच्या मधोमध चौक होता, तीस फूट बाय वीस. सीतारामने महिनाभर दर रविवारी तो खणला, चाळला, काचा वेचल्या. रघुवीरचा मेहुणा आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राही, म्हणून सीतारामने मला सोडून कुणाला काही सांगितलं नाही. चाळीला वाटलं, हुतुतूचं मैदान करतोय.

पंधरा जानेवारीच्या रविवारी त्याने लागवड केली. कशी, तर हरळीचे वेल बोटाबोटाएवढे तोडायचे, शेण, लाल माती आणि पाण्यात त्यांचा काला करायचा आणि तो हाताने जमिनीवर लिंपायचा. मग पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, आणि कुणाचाही पाय नको. पेरांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटत असताना पाय घासला की संपलं. कुणी वरून विचारलं की सीताराम म्हणे, "सारवतंय." संध्याकाळी त्याने चारी बाजूंनी सुंभ बांधला. वरून बघताना चौक खरोखर लग्नघरच्या अंगणासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. मंगळवारी लालबाग-परळ पेटलं. रस्त्यावर दगड, अश्रुधूर, गोळीबार. मैदानावर सभेला बंदी होती. आमच्या विभागाच्या संयुक्त महाराष्ट्र कृती समितीचा चिटणीस जगदीश नाबर, ज्याच्या आवाजाला लाउडस्पीकर हा केवळ शिष्टाचार म्हणून लागे, त्याने ठरवलं की सभा चाळीच्या चौकात घ्यायची.

सीताराम क्लबातून चार वाजता परत आला तेव्हा चौकात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. त्याच्या सुंभाने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' हा फलक टांगला होता. माणसं येऊन बसायला लागली होती. कडेला दुसऱ्या मजल्यावरच्या रखमावहिनी रांगोळीचा शेवटचा ठिपका देत होत्या.

"एवढं गुळगुळीत सारवलंत, भावोजी," त्या कौतुकाने म्हणाल्या, "रांगोळीवाचून ओकं दिसत होतं बघा."

सीतारामने हातातली झारी जिन्यापाशी ठेवली.

तेवढ्यात टेबलावर उभा राहून जगदीश गरजला, "चळवळीसाठी आपण होऊन हा चौक सारवून देणारे आपले सीताराम घाडी! टाळ्या!"

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सीतारामने हात जोडले. मी त्याच्या कानाशी लागलो. "सांग ना त्यांना. मी सांगू?"

"गप ऱ्हव. थंय रस्त्यार माणसा मरतत, आनी मी हंय गवताचा सांगू? लोक थुकतले माझ्यार. आनी थुकूकच व्हया." तो समितीचा कट्टर माणूस होता. नोव्हेंबरात फाउंटनच्या मोर्च्यात त्याने लाठी खाल्ली होती. मग त्याचं लक्ष बसलेल्या माणसांच्या बुडांकडे गेलं आणि तो हळूच म्हणाला, "बसली तर बसांदे. रोलर खंय आसा माझ्याकडे? वजनान हरळी मातयेत दडापतली. फकत घसाटूक नको."

त्यानंतर सीतारामसारखा स्वयंसेवक समितीला कधी लाभला नसेल. येणाऱ्याचा पाय तो अक्षरशः हाताने धरून ठेवी. "सरळ बस. सरकू नको. मांडी एकदाच घाल." जगदीश भाषणात म्हणाला, ही शिस्त बघा! दिल्लीने ही शिस्त बघावी!

पाच वाजता रस्त्यावर दोन आवाज झाले. ते फटाके नव्हते हे सगळ्यांना कळलं. चौकाला एकच दरवाजा, आणि त्या दरवाजात फौजदार उभा राहिला, मागे वीस लाठ्या.

"सभेला बंदी आहे. पाच मिनिटांत पांगा, नाहीतर लाठी चालेल."

जगदीश टेबलावरून खाली उतरला. मागे कुणीतरी धडपडत उठलं. त्याच्यामुळे चौघे उठले. बायकांनी पोरं उचलली. दोनशे माणसं, एक दरवाजा आणि त्यात पोलीस. आता काय होणार ते मला दिसत होतं. सीतारामलाही दिसत होतं, फक्त त्याला ते सतरंजीच्या चार बोटं खालचं दिसत होतं.

"बसा!" पुन्हा ते सगळे भोंगे वाजले. "कोण्णी उठा नको! बसान रवा! एक पाय जरी घसाटलो, तरी मी मेलंय!"

चेहरा असा की खरंच मरेल. माणसं बसली. चौघे बसले, मागचाही बसला. कुणीतरी म्हणालं, "घाडी प्राण द्यायला निघालाय रे." आणि मग कुणी हललंच नाही. एक पोर रडत होतं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर पदर धरला.

फौजदार कडेकडेने सीतारामपर्यंत आला. त्याच्या ओठांवर घाम होता. "तू पुढारी?"

"माळी."

"मग यांना उठव."

"उठवतंय सायबा. पण येकेक ओळ. पाय उचलून. पळाक लावशात तर दारात माणसा चिरडतली." एवढं त्याने नीट, फौजदाराच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी त्याला कुणाच्या डोळ्यांत बघताना प्रथमच पाहत होतो.

फौजदाराने दरवाजाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. "दहा मिनिटं," तो म्हणाला आणि लाठ्या बाजूला झाल्या.

ओळीमागून ओळ उठली. प्रत्येकजण बगळ्यासारखा पाय उचलून, सरळ खाली ठेवत, दाराबाहेर जाऊन आपापल्या जिन्याने वर. मधेच रस्त्यावर पुन्हा आवाज झाला, तिसरी ओळ थरथरली. "सावकाश, बाबांनो, सावकाश," सीताराम म्हणत होता, आणि त्याचे डोळे पावलांवर. शेवटचा माणूस गेला तेव्हा फौजदार लाउडस्पीकर जप्त करायला चौकातून तडक निघाला.

"सायबा," सीताराम आडवा आला. "बूट."

एका शिपायाने लाठी उचलली. फौजदाराने आपल्या बुटांकडे पाहिलं, या माणसाकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, वळसा घालून गेला. जाताना त्याने वही काढली. नाव, वय, धंदा, नोकरी कुठे. सीतारामने सगळं खरं सांगितलं.

सतरंज्या आम्ही दोघांनी चारी कोपरे धरून उचलल्या. काला कुठेही फाटला नव्हता. नवव्या दिवशी डोळे फुटले. फेब्रुवारीअखेर चाळीत असा गालिचा झाला की माणसं गॅलरीत उभी राहून नुसती बघत, आणि खाली उतरायचं झालं तर भिंतीला चिकटून जात. तोवर सगळ्यांना खरं कळलं होतं. त्यामुळे सीतारामचं शौर्य कमी झालं असं कुणाला वाटलं नाही. रखमावहिनी म्हणाल्या, माणूस कशासाठी का होईना, उभा राहिला ना?

ठरल्याप्रमाणे सेक्रेटरी आला. तो हिरवळीपाशी वाकला, तळहात फिरवला, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. आम्ही तीन मजले कठड्यांना लटकलो होतो.

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "रघुवीरचा तुकडा याच्यापुढे काहीच नाही."

सीतारामने डोळे मिटले.

"पण घाडी, पोलिसांकडून तुझ्या नावाची चौकशी आली होती. कमिटीत विषय निघाला. सभेच्या पुढाऱ्याला हेडमाळी करता येत नाही. नोकरी राखली एवढंच." तो खरोखर ओशाळला होता. एक काडी तोडून त्याने खिशात ठेवली आणि भिंतीच्या कडेने निघून गेला.

मार्चच्या पहिल्या तारखेला रघुवीर त्या खोलीत राहायला गेला. सीताराम एकोणसत्तर साली दुय्यम माळी म्हणून निवृत्त झाला आणि गावी गेला. सुंदराबाईंनी मुंबई पाहिली नाही.